मिनी ट्रॅक्टरसाठी डिस्क हॅरो घरी बनवताना: आधी तवे, फ्रेम शेवटी

खानदेशात रावेर-यावलपासून शहाद्यापर्यंत गावोगावी घरी बनवलेले डिस्क हॅरो दिसतात, आणि त्यातले निम्मे गोठ्यामागे गंजत पडलेले असतात. वेल्डिंग कच्चं असतं म्हणून नाही. कामाचा क्रम उलटा झालेला असतो म्हणून. लोक आधी लोखंड आणून फ्रेम मारतात, मग तिच्यात बसतील तसे तवे, म्हणजे माती कापणाऱ्या गोल खोलगट डिस्क, शोधतात. मग चौकोनी दांडा तव्याच्या भोकात डुलतो, बेअरिंग एका रेषेत येत नाही, मागचे तवे पुढच्याच चरीतून पळतात. हे सगळं नंतर दुरुस्त होत नाही, कापून नव्यानेच करावं लागतं. म्हणून इथे क्रम असा आहे: ट्रॅक्टर मोजा, तवे घ्या, दांडा करा, गँग (एका दांड्यावर ओवलेले तवे) जुळवा, आणि मग फ्रेम.

हा लेख १५ ते १८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरसाठी आहे. हॅरो चार अधिक चार तव्यांचा, ऑफसेट पद्धतीचा. म्हणजे पुढची गँग माती उजवीकडे फेकते आणि मागची तीच माती डावीकडे परत आणते. चार गँगच्या टँडेम हॅरोला बेअरिंग दुप्पट लागतात आणि जुळवणीही अवघड जाते. पहिला हॅरो बनवत असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

१. आधी ट्रॅक्टर मोजा

वहीत चार मापं लिहा.

पहिलं, मागच्या चाकांची बाहेरून बाहेरपर्यंत रुंदी. हॅरोची कापणी निदान तेवढी हवी, नाहीतर चाकाने दाबलेला पट्टा तसाच कडक राहतो. १६ इंची चार तवे ९ इंचांवर बसवले की कापणी साधारण ३५ इंच येते. तुमची चाकं ३५ इंचांत असतील तर चार अधिक चार पुरे. त्याहून रुंद असतील तर चाकं आत घेता येतात का ते पाहा. तवे वाढवणं हा शेवटचा उपाय.

दुसरं, लोअर लिंकच्या (अवजार उचलणाऱ्या मागच्या खालच्या दोन हातांच्या) दोन गोळ्यांमधलं अंतर आणि त्यांची भोकं. कॅटेगरी १ या ठरलेल्या मापाच्या जोडणीत लोअर पिन २२ मिलिमीटर, टॉप पिन १९ मिलिमीटर, दोन लोअर पिनांमधलं अंतर ६८३ मिलिमीटर आणि टॉप पिनची उंची ४६० मिलिमीटर असते. पण बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांची जोडणी याहून अरुंद असते. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं माप घेऊन काम सुरू करू नका, स्वतःचं माप टेपने घ्या.

तिसरं, हायड्रॉलिक किती वजन उचलतं. हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. चौथं, लिंक पूर्ण वर उचलल्यावर टायरच्या मागे किती जागा उरते. हॅरोचा पुढचा उजवा कोपरा टायरपासून किमान ६ इंच लांब राहिला पाहिजे.

आता ओढीचा हिशोब. भारी काळ्या जमिनीत ऑफसेट हॅरोला त्याच्या वजनाच्या साधारण दीडपट ओढ लागते, मध्यम जमिनीत सव्वापटीच्या आसपास, रेताड जमिनीत वजनापेक्षाही कमी. १८० किलोचा हॅरो काळ्या रानात २७० किलोची ओढ मागतो. मिनी ट्रॅक्टरचं इंजिन तेवढं सहज काढतं, पण ट्रॅक्टर स्वतःच हलका असल्यामुळे चाकं घसरतात. खरी मर्यादा एचपीची नाही, चाकाच्या पकडीची आहे. दहा-बारा तव्यांचा मोह याच कारणाने टाळायचा.

२. तवे: पैसे वाचवायची जागा ही नव्हे

१६ इंची, साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीचे तवे घ्या. हाय कार्बन किंवा बोरॉन स्टीलचेच. पत्र्यातून कापून, ठोकून वाकवलेला तवा पहिल्याच पाळीत दुमडतो. पुढच्या गँगला खाचेचे तवे घेतले तर पऱ्हाटीचे तुकडे आणि गवत कापलं जातं; मागे सपाट काठाचे चालतात. साक्री-नवापूरकडच्या मुरमाड, दगडगोट्याच्या रानात मात्र खाचांची टोकं तुटतात, तिथे आठही सपाट काठाचे घ्या.

जुने तवे घेत असाल तर तीन गोष्टी तपासा.

एक, एका गँगचे चारही तवे सारख्या व्यासाचे हवेत. ते एकाच दांड्यावर एकत्र फिरतात, त्यामुळे अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर मोठा तवा सगळा भार घेतो आणि लहान नुसता सोबत फिरतो.

दोन, चौकोनी भोकाचे कोपरे बारकाईने पाहा. तवा सैल चाललेला असेल तर कोपरे गोल झालेले आणि चकाकणारे दिसतात. कोपऱ्यातून केसासारखी चीर निघालेली असेल तर तो तवा बाजूला ठेवा. तवा दोरीला टांगून हातोडीने हलका ठोका द्या: चांगला तवा खणखणतो, चीर गेलेला बद्द वाजतो.

तीन, मध्यभागी लोखंडी पट्टी आडवी ठेवा. भोकाभोवतीचा भाग सपाट असेल तर सरळ तोंडाचे स्पूल (दोन तव्यांत अंतर ठेवणारे तुकडे) चालतील. तिथेही खोलगटपणा असेल तर त्याच वाकाचे ओतीव स्पूल आणि वॉशर लागतील. ते हॅरोच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. वाकलेल्या तव्याला सपाट स्पूल लावून कितीही आवळलं तरी तो कडेवरच टेकतो आणि सैल होतो.

खबरदारी: तव्याला वेल्डिंग कुठेही करू नका. भोक मोठं आहे म्हणून आत टाका मारणं तर मुळीच नको. उष्णतेने तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं आणि तवा तिथूनच फुटतो.

३. दांडा, स्पूल आणि बेअरिंगची बाही

तवे हातात आल्यावरच लेथवाल्याकडे जा, आणि एक तवा सोबत न्या. भोक २५ मिलिमीटरचं असेल तर २५ चा चौकोनी बार तव्यात घालून पाहायचा. बार हाताने सरकला पाहिजे, पण फिरवल्यावर डुलता कामा नये.

पहिला तवा ते चौथा तवा २७ इंच, आणि दोन्ही टोकांना वॉशर व दुहेरी नट. म्हणजे प्रत्येक बार ३३ इंच कापा. दोन्ही टोकांना २४ मिलिमीटरचे आटे पाडून घ्या.

सगळ्यात जास्त चुकणारी जागा इथे आहे. टोकाला १२ मिलिमीटर जाड, चौकोनी भोकाचा वॉशर येतो. बारचा चौकोनी भाग या वॉशरच्या आतच, बाहेरच्या तोंडापासून तीन-चार मिलिमीटर अलीकडे संपला पाहिजे. चौकोन वॉशरच्या बाहेर डोकावला तर नट चौकोनाच्या खांद्यावर जाऊन बसतो. पाना घट्ट लागतो, तुम्हाला वाटतं गँग आवळली गेली, आणि आत तवे सैलच असतात.

मधल्या जागेसाठी साधा स्पूल. दोन्ही बाजूंच्या जागांत बेअरिंग येणार, म्हणून तिथे लेथवर बाही, म्हणजे बेअरिंग बसवायची नळी, करून घ्यायची. २५ च्या चौकोनाचा कर्ण ३५ मिलिमीटरच्या थोडा वर जातो, म्हणून बाहीचं आतलं भोक ३६ आणि बाहेरून बेअरिंगची जागा ५०. त्यावर ५० बोअरचं, घरासकट येणारं यूसीपी २१० बेअरिंग बसतं. बाहीला एका बाजूला ६० मिलिमीटरचा खांदा ठेवायला सांगा. कारण तव्याच्या खोलगट बाजूवर माती दाबते आणि सगळी गँग फुगीर बाजूकडे सरकू पाहते. तो रेटा बेअरिंग आवळणाऱ्या नुसत्या छोट्या ग्रब स्क्रूवर सोडला तर एक दिवस बेअरिंग बाहीवरून घसरतं. पुढच्या गँगचा रेटा डावीकडे असतो, म्हणून खांदा बेअरिंगच्या उजवीकडे. मागच्या गँगमध्ये बरोबर उलट.

तपासणी: सगळे स्पूल आणि बाह्या टेबलावर उभ्या करून वर पट्टी ठेवा. लांबी सारखी हवी आणि दोन्ही तोंडं काटकोनात. तवे साडेतीन-चार मिलिमीटरचे असतील तर ही लांबी साधारण २२५ मिलिमीटर येते. तिरकं तोंड म्हणजे पुढे लटपटणारा तवा.

४. गँग जुळवणं

पुढच्या गँगचा क्रम डाव्या टोकाकडून असा: दोन नट, वॉशर, तवा, बेअरिंगसह बाही, तवा, स्पूल, तवा, बेअरिंगसह बाही, तवा, वॉशर, दोन नट. चारही तव्यांची खोलगट बाजू उजवीकडे. मागच्या गँगमध्ये चारही खोलगट बाजू डावीकडे.

बेअरिंग बाहीवर आधी चढवा, मग बाही दांड्यावर. हे विसरलात तर नट आवळून झाल्यावर बेअरिंग घालायला जागा नसते, सगळं पुन्हा उघडावं लागतं. खांद्याची दिशाही याच वेळी पाहून घ्या.

आवळताना गँग उभी करा. ३६ नंबरच्या पान्यावर तीन-चार फुटांचा पाईप घाला आणि पूर्ण जोर लावा. मग प्रत्येक स्पूलवर लाकडी हातोड्याने ठोकत जा आणि पुन्हा आवळा. ठोकल्यावर नट थोडा तरी पुढे जातोच. जायचा थांबला की दुसरा नट लावून कुलूप करा. शेवटी एकच तवा हाताने धरून पिळून पाहा. एक तवा एकटा हलला तर उघडून कारण शोधा. जोर वाढवून हे सुटत नाही.

५. हँगर

हँगर म्हणजे बीमपासून (गँगच्या वरच्या आडव्या पाईपपासून) खाली उतरून बेअरिंग धरणारे पाय. बेअरिंगचं घर उलटं, म्हणजे बूड वर करून हँगरच्या खाली बसवा. जमीन तव्यांना वर ढकलते. बूड वर असलं की तो भार सरळ पोलादी पट्टीवर जातो आणि बोल्टांवर ताण येत नाही.

उंचीचा हिशोब: तव्याची त्रिज्या ८ इंच, आणि बीम व तव्याच्या वरच्या काठात किमान २ इंच मोकळे हवेत. म्हणजे दांड्याच्या मध्यापासून बीम १० इंच वर. यूसीपी २१० चं बूड मध्यापासून ५७ मिलिमीटरवर असतं, म्हणून हँगरचे पाय ८ इंचांचे. कमी ठेवले तर ओल जास्त असलेल्या काळ्या मातीचे गोळे बीम आणि तव्यात अडकून गँग फिरायचीच थांबते.

पायांना १० मिलिमीटर पट्टी आणि दोन्ही अंगांनी तिकोनी आधार द्या. आडव्या रेट्याने हँगर वाकतो, उभ्या भाराने नाही.

खबरदारी: बेअरिंग जागेवर असताना वेल्डिंग करू नका. करंट बेअरिंगमधून गेला तर आतल्या गोळ्यांवर चट्टे पडतात. बाहेरून काही कळत नाही, आणि हंगामाच्या मध्यावर बेअरिंग किरकिरायला लागतं. गँग बसवून पंचने खुणा करा, गँग काढा, मग टाके मारा, गँग पुन्हा बसवून पाहा, आणि पुन्हा काढून पूर्ण वेल्डिंग करा. वेळ जातो, जाऊ द्या.

६. फ्रेम आणि कोन

आता कुठे फ्रेमची वेळ. गँगच्या बीमसाठी ७५ बाय ७५ चा पाच मिलिमीटर चौकोनी पाईप आणि वरच्या चौकटीसाठी ७५ बाय ४० चॅनेल पुरतं. चौकट जमिनीवर मांडा, टाके मारा, दोन्ही कर्ण टेपने मोजा. एक-दोन मिलिमीटरच्या आत जुळले तरच पूर्ण वेल्डिंग, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने, म्हणजे चौकट पिळली जात नाही.

वरून पाहिलं तर ऑफसेट हॅरोच्या दोन्ही गँग डाव्या टोकाला जवळ आणि उजवीकडे फाकलेल्या दिसतात. पुढच्या गँगचं उजवं टोक ट्रॅक्टरकडे आणि मागच्या गँगचं उजवं टोक मागे. तव्याची खोलगट बाजू नेहमी थोडी चालायच्या दिशेला तोंड करून हवी. ती मागे वळलेली असेल तर तवा पाठीवर घासत जातो आणि कितीही वजन टाकलं तरी रुतत नाही. "तवे चालतच नाहीत" ही बहुतेक वेळची तक्रार इथूनच येते.

डाव्या टोकाला दोन दांड्यांमध्ये २० इंच ठेवा, म्हणजे दोन गँगच्या तव्यांत ४ इंच मोकळे राहतात.

कोनमापक नसला तरी अडत नाही. प्रत्येक बीमला डावीकडे मुख्य बोल्ट द्या, त्याच्यापासून बीमवर ६० सेंटिमीटरवर खूण करा, आणि ती खूण आडव्या सरळ रेषेपासून किती सरकते ते मोजा. १५.५ सेंटिमीटर म्हणजे १५ अंश, १८.५ म्हणजे १८, २१.५ म्हणजे २१ आणि २४.४ म्हणजे २४ अंश. या चार जागांवर चौकटीत भोकं पाडा. सुरुवात पुढे १८ आणि मागे २१ वर करा. मागची गँग मोकळ्या मातीत चालते, तिला थोडा जास्त कोन दिला तरच दोन्हीकडचा आडवा रेटा सारखा होतो.

मागच्या गँगचे तवे पुढच्या दोन चरींच्या बरोबर मध्ये, म्हणजे साडेचार इंच बाजूला यायला हवेत. मागच्या बीमचा मुख्य बोल्ट पक्का करण्याआधी हॅरो अंगणातल्या मऊ मातीवरून हाताने ओढून रेघा पाहा. आठ वेगळ्या, सारख्या अंतराच्या रेघा दिसल्या पाहिजेत.

थ्री पॉइंटची (दोन लोअर लिंक आणि वरची टॉप लिंक जिथे जोडतात ती) कमान चौकटीला शेवटी जोडा, पहिल्या टप्प्यातल्या मापांनी. ट्रॅक्टरला जोडलेल्या अवस्थेत हॅरोवर वेल्डिंग करू नका.

घासपट्ट्याही आताच लावा. ४० बाय ५ ची पट्टी, तव्याच्या खोलगट बाजूला मागच्या काठाजवळ, दीड-दोन सुतांची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट ठेवून. काळ्या चिकट मातीत घासपट्टीशिवाय तवा अर्ध्या तासात मातीचा गोळा होतो.

७. वजन

असा हॅरो मोकळा साधारण ११० ते १२० किलो भरतो. एवढ्यावर उन्हाळ्यातलं कडक काळं रान तुटत नाही. एका तव्यामागे २२-२३ किलो धरलं तर एकूण १८० किलोच्या आसपास हवेत, म्हणजे ६० किलो वरून. त्यासाठी चौकटीवर काठ असलेला ट्रे करा आणि सिमेंटचे ठोकळे बोल्टने बांधा. हॅरो उचलल्यावर ट्रॅक्टरचं पुढचं चाक हलकं वाटत असेल तर पुढे बंपरला वजन लावल्याशिवाय बांध ओलांडू नका.

खबरदारी: वखरावर वजनाला माणूस उभा करायची सवय आपल्याकडे जुनी आहे. हॅरोवर माणूस चढवायचा नाही. पोराला तर कधीच नाही. एक झटका बसला, की पाय फिरत्या तव्यांत जातो.

८. पहिली पाळी

रानात जायच्या आधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून घ्या. मातीखाली गेलेली एखादी नळी राहिलीच, तर ती तव्यांत गुंडाळून सगळी ओळ उपसून काढते. पऱ्हाटी उपटून किंवा बारीक करून झालेली हवी. सोट उभे ठेवून हॅरो घातला तर ते आडवे पडून स्पूलला वेढतात. केळीचे खांबही आधी बाहेर काढा. उभ्या केळीत हा हॅरो नकोच, केळीच्या मुळ्या वरच्या थरात असतात आणि तवा त्या छाटतो.

वाफसा पाहा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाका. फुटून विखुरला तर सुरू करा, चपटा होऊन पडला तर थांबा. ओल्या काळ्या रानात तवे फिरवले तर चकाकणारे काप निघतात, आणि ते वाळले की कुदळीनेही फुटत नाहीत.

खोली ४ इंचांपर्यंतच. तवा व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतकाच नीट चालतो, आणि त्याखाली गेलं की बेअरिंगची घरं मातीत घासतात. वेग ताशी ५ किलोमीटरच्या आसपास. वळताना हॅरो उचला. जमिनीत रुतलेल्या तव्यांनी वळलात की हँगर वाकतात.

पन्नास-साठ पावलं चालवून उतरा आणि मागे पाहा. पुढची गँग जास्त रुतत असेल तर टॉप लिंक लांब करा, मागची रुतत असेल तर आखूड करा. हॅरो डावीकडे ओढत असेल तर पुढच्या गँगचा रेटा जास्त आहे: तिचा कोन एक भोक कमी करा किंवा मागचा एक भोक वाढवा. उजवीकडे ओढत असेल तर उलट. तवे रुततच नसतील तर आधी कोन वाढवा, मग काठाला धार लावा, वजन सगळ्यात शेवटी. धार मुळात ज्या बाजूने आहे त्याच बाजूने, पाणी मारत लावायची. काठ निळा पडला की तिथलं पाणी गेलं.

तासाभराने थांबून आठही नट आवळा. हा पहिला तास फार महत्त्वाचा, कारण रंग आणि गंज दबून स्पूल बसतात आणि गँग सैल होते. त्याच वेळी चारही बेअरिंगवर तळहात ठेवा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बाही तिरकी आहे किंवा दोन हँगर एका रेषेत नाहीत. ग्रीस मारून पुढे जाऊ नका, उघडा.

दुसऱ्या दिवशी कामाआधी नट पुन्हा, आणि मग दर आठ-दहा तासांनी. ग्रीस रोज संध्याकाळी, बेअरिंग कोमट असतानाच, जुनं ग्रीस सीलच्या काठाने थोडं बाहेर येईपर्यंत. हंगाम संपला की तवे धुऊन, वाळवून जुनं इंजिन ऑइल चोपडा आणि हॅरो लाकडी ठोकळ्यांवर टेकवून ठेवा, जमिनीवर नको.